ताळा आणि तेजाब

(अकोल्यात स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



संयोजकांनी पत्रात विचारलं होतं, फळा लागेल का? मी कळवलं, नको. रसायनाच्या माणसानं समीकरणांवर बोलायचं आणि फळा नको म्हणायचं, हे त्यांना विचित्र वाटलं असणार. पण ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते सर खडू हातात घेण्याआधी समीकरण तोंडी म्हणायला लावत. ‘झेडएन प्लस एचटूएसओफोर’ अशी आरती नव्हे. ‘जस्ताचा एक अणू आणि गंधकाम्लाचा एक रेणू भेटले, मग काय झालं?’ असं, गोष्ट सांगितल्यासारखं. जे सांगता येत नाही ते लिहून काय करता, असा त्यांचा प्रश्न असे. तेव्हा आज सगळं तोंडीच.

सकाळी अमरावतीहून निघालो. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं आणि खिडकीतून काळ्या रानाच्या कडेला उपटून रचलेल्या पऱ्हाट्या दिसायला लागल्या. तिथंच ठरवलं की सुरुवात बादलीपासून करायची.

आमचं गाव दर्यापूरकडं, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी मचूळ, त्यामुळे शेती पावसाच्या भरवशावर आणि शेती म्हणजे कपाशी. सरकीवर बारीक लव असते. त्या लवेमुळे बी एकमेकांना चिकटतं आणि पेरताना हातातून सुटं पडत नाही. जुनी माणसं सरकी शेणमातीत घोळून वाळवायची. मी सातवीत असेन तेव्हा गावात नवी रीत आली, तेजाबाची. एक किलो सरकीला १०० मिलिलिटर तीव्र गंधकाम्ल, काठीनं दोन-तीन मिनिटं ढवळायचं, लव जळून जाते आणि काळंभोर चकचकीत बी उरतं. मग भरपूर पाण्यानं चार-पाच वेळा धुवायचं, शेवटी चुन्याच्या निवळीतून काढायचं. सांगणाऱ्यानं बजावलं होतं की भांडं प्लास्टिकचं घ्या. आमच्या घरी प्लास्टिकची बादली नव्हती. जस्ती होती.

ती बादली डोळ्यांसमोर आहे. नव्या जस्ती पत्र्यावर जस्ताची फुलं उमटलेली असतात, खिडकीच्या काचेवर दव गोठावं तशी. वडिलांनी कोरड्या बादलीत सरकी ओतली, वर तेजाब ओतलं, ढवळलं. बादलीला काही झालं नाही. शेजारचे काका म्हणाले, ‘पाहा, उगाच घाबरवतात.’ मग धुण्यासाठी पाणी ओतलं आणि बादली फुसफुसायला लागली. फेस काठापर्यंत आला, बुडाशी हात लावला तर चटका. आजी ओट्यावरून ओरडली, ‘अरे, बादली उकळून रायली!’ सगळं भराभर उकिरड्यावर ओतलं. आतली फुलं गेली होती, राखाडी-काळा डाग राहिला होता. बी वाचलं, उगवलंही झक्क. बादलीला मात्र दिवाळीच्या आत बुडाशी भोक पडलं.

पुढच्या वर्षी आठवीत सरांच्या वर्गात मी ही हकिगत मोठ्या फुशारकीनं सांगितली. सर घरी आणि गंमतीत असले की वऱ्हाडीत बोलत.

‘जस्त गेलं कुठी?’

‘जयलं, सर.’

‘जयलं त राख कुठी हाय?’

मी गप्प. सर म्हणाले, शेतकऱ्याचं पोरगं आहेस, अडतीवर जातोस ना? कापूस इतका गेला, पैसे इतके आले, हे मांडतोस ना? मग मांड. आत काय गेलं? जस्त आणि गंधकाम्ल. बाहेर काय आलं? फेस म्हणजे वायू, तो हायड्रोजन. गंधकाम्लातून हायड्रोजन निघून गेला, तर उरलेल्याला जोडीदार हवा. तो जस्त. झालं झिंक सल्फेट. पाण्यात विरघळून उकिरड्यावर गेलं. म्हणजे एक जस्त, एक गंधकाम्ल, त्यातून एक झिंक सल्फेट आणि हायड्रोजनचा एक रेणू. इकडचे अणू मोजा, तिकडचे मोजा, ताळा बसतो. पुढं ते जे म्हणाले ते मी आजवर विसरलो नाही. म्हणाले, तुझ्या बापानं उकिरड्यावर ओतलं तेच झिंक सल्फेट लोक दुकानातून गोणीनं विकत आणतात, जमिनीत जस्त कमी पडतं म्हणून.

खरंच आहे. कृषी सेवा केंद्रात जा, झिंक सल्फेटच्या गोणीवर २१ टक्के जस्त असं छापलेलं असतं. तो आकडाही ताळ्यातूनच येतो. जस्ताचा अणुभार सुमारे ६५.४. स्फटिकात झिंक सल्फेटच्या एका रेणूबरोबर पाण्याचे सात रेणू बसलेले असतात, सगळं मिळून २८७.५. भागून पाहा, जस्त २२.७ टक्के येतं. शुद्ध मालात एवढं, बाजारच्या मालात किमान २१. शेतकरी गोणी उचलतो तेव्हा त्यातलं तीन चतुर्थांशाहून जास्त ओझं जस्ताचं नसतं, आणि त्यातही बरंचसं निव्वळ पाणी असतं. ही फसवणूक नाही, मीठ तसंच असतं. पण माहीत असलेलं बरं.

आता एक प्रश्न उरतो, जो तेव्हा मला सुचला नाही. कोरड्या बादलीत तेजाब होतं तेव्हा फेस का आला नाही? तीव्र गंधकाम्लात पाणी जवळपास नसतंच, आणि हायड्रोजन सोडण्याची आम्लाची ताकद पाण्यात विरघळल्यावर जागी होते. थंड तीव्र गंधकाम्ल लोखंडाच्या टाकीत भरून नेतात, टाकीला काही होत नाही. तेच गरम केलं आणि जस्त टाकलं तर हायड्रोजन नाही, सल्फर डायऑक्साइड निघतो, आगकाडीच्या नाकाला झोंबणाऱ्या वासाचा. एक जस्त, दोन गंधकाम्ल, त्यातून एक झिंक सल्फेट, एक सल्फर डायऑक्साइड, दोन पाणी. मोजा, हाही ताळा बसतो. धातू तोच, आम्ल तेच, आणि दोन वेगळी समीकरणं, दोन्ही बिनचूक. बादलीत कोणतं घडलं हे वहीत पाहून कळत नाही, बादलीत पाहावं लागतं. (पोरांसाठी एक सूचना: तेजाबात पाणी ओतायचं नाही, पाण्यात तेजाब ओतायचं, तेही हळूहळू. आमच्या घरी उलट केलं आणि कुणाचे डोळे गेले नाहीत, हे नशीब.)

समीकरण संतुलित करायला शिकवताना पहिली चोरी कुठं होते ते मास्तरांना ठाऊक असतं. ॲल्युमिनियम आणि हायड्रोक्लोरिक आम्ल. एका पोरानं लिहिलं, एक ॲल्युमिनियम, दोन आम्ल, त्यातून एक ॲल्युमिनियम, त्याला दोन क्लोरीन जोडलेले, आणि हायड्रोजनचा एक रेणू. इकडे क्लोरीन दोन, तिकडे दोन. ताळा चोख. पण ॲल्युमिनियमचा भाव तीन आहे, त्याला शाळेच्या पुस्तकात संयुजा म्हणतात, आणि दोन क्लोरीनवाला तो पदार्थ आपल्या परीक्षानळीत कधीच तयार होत नाही. सर म्हणत, ‘पायातल्या आकड्याले हात लावाचा नाही.’ रेणूच्या पायाशी बसलेला आकडा पदार्थाची ओळख असतो. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन एकाचा दोन केला की ते पाणी राहत नाही, केस भुरे करायचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. आकडा लावायचा तो रेणूच्या पुढं, किती नग घेतले तेवढं सांगणारा. ॲल्युमिनियमला तीन क्लोरीन लागतात, हायड्रोजन मात्र जोडीजोडीनंच बाहेर पडतो. तीन आणि दोनाचा मेळ सहावर बसतो. म्हणून दोन ॲल्युमिनियम, सहा आम्ल, त्यातून दोन ॲल्युमिनियम क्लोराइड आणि हायड्रोजनचे तीन रेणू. तुम्ही जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, भांड्याचा तुकडा विरल आम्लात टाकला तर थोडा वेळ काहीच होत नाही, कारण वर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो. तो आधी विरघळतो, तिथं हायड्रोजन नाही, नुसतं पाणी तयार होतं. मग एकदम फेस सुटतो. हे पहिलं शांत पान पुस्तकातल्या समीकरणात नसतं.

माझे वडील अडतीवरून आले की पट्टी खिशातून काढून माझ्याकडून बेरीज तपासून घेत. वजन, भाव, हमाली, कडता, निव्वळ रक्कम. इतक्या वर्षांत एकदाही बेरीज चुकली नाही. काट्यावर मात्र काय झालं ते पट्टीत लिहिलेलं नसे. समीकरणाचं अगदी असंच आहे, आणि मला आज एवढंच सांगायचंय.

बेरीज बरोबर आणि गोष्ट वेगळी, हा घोळ फार थोरांच्याही वाट्याला आला. १७६६ साली लंडनमध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी धातू आम्लात विरघळवून निघणारा जळणारा वायू मोजला. त्यांना दिसलं की जस्ताचं वजन तेवढंच ठेवलं तर गंधकाम्ल घ्या की मिठाचं म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या, वायू तितकाच निघतो. एक औंस जस्तातून ३५६ औंस-माप, तेवढ्याच लोखंडातून ४१२. आता आजचे अणुभार घ्या. जस्त ६५.४, लोखंड ५५.८. दोन्ही धातू एका अणूला हायड्रोजनचा एक रेणू सोडतात, म्हणजे वजनाला वजन लोखंडातून वायू ज्यादा निघायला हवा, १.१७ पट. कॅव्हेंडिश यांच्या आकड्यांचा भागाकार १.१६. अणू कुणी पाहिले नव्हते, अणुभार हा शब्द नव्हता, आणि माणसाचा हात दीड टक्क्याच्या आत पोचला होता. आता गंमत ऐका. हा वायू धातूतून निघतो, असं कॅव्हेंडिश यांचं मत होतं. मोजमाप उत्तम, गोष्ट चुकीची. वायू धातूतून नव्हे, पाण्यातून येतो, हे पुढं लाव्हाझिए यांनी मांडलं आणि त्याला ‘पाणी घडवणारा’ अशा अर्थाचं हायड्रोजन हे नाव दिलं.

आता तांब्याकडे येऊ. एक तांबं, दोन हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यातून कॉपर क्लोराइड आणि हायड्रोजन. अगदी देखणं समीकरण आहे. सरांनी परीक्षेत घातलं होतं, मी संतुलित करून दिलं, पूर्ण गुण मिळाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. प्रयोगशाळा म्हणजे एक टेबल आणि कुलपाचं कपाट. विरल आम्लाची परीक्षानळी आणि तांब्याच्या तारेचा तुकडा हातात दिला आणि म्हणाले, कालचं समीकरण आज करून दाखव. मधली सुटी संपेपर्यंत मी नळीकडे पाहत बसलो. एक बुडबुडा आला नाही. मला वाटलं, आम्ल शिळं आहे. त्याच आम्लात जस्ताचा तुकडा टाकला तर भराभर फेस. तांबं हायड्रोजनपेक्षा आळशी आहे, त्याला हुसकून स्वतः आत जाऊन बसत नाही. क्रियाशीलता श्रेणी म्हणतात ती हीच. वहीला हे माहीत नसतं.

इथवर पुस्तकातही आहे. पण माझ्या आजीला हे समीकरण सांगितलं असतं तर ती हसली असती. पितळी भांड्यात ताक राहिलं की कळकतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कळकणं या शब्दाला मला अजून दुसऱ्या भाषेत जोड सापडलेली नाही. आंबट पदार्थ तांब्या-पितळेत राहून हिरवट, तोंड आवळणारा होतो, ते कळकणं. आता पितळेतलं जस्त आम्लात जातं हे समजलं. पण ती हिरवट छटा तांब्याची आहे. तांबं तर आम्लात जात नाही म्हणालात. मग? ताकाच्या वर हवा आहे. हवेतला ऑक्सिजन आधी तांब्याचं ऑक्साइड करतो आणि त्या ऑक्साइडला आम्ल सहज विरघळवतं, हायड्रोजन सोडण्याची गरजच पडत नाही, पाणी तयार होतं. दोन तांबं, एक ऑक्सिजनचा रेणू, चार आम्ल, त्यातून तांब्याचे दोन क्षार, दोन पाणी. म्हणजे व्यवहारात तिसरा माणूस होता, तो कीर्दीत नव्हता. आपण दोघांचाच ताळा पाहत बसलो.

म्हणून तर कल्हई. कल्हईवाला दारात यायचा, भाता लावायचा, पातेलं तापवायचं आणि नवसागराची चिमूट टाकून कापसाच्या बोळ्यानं फिरवायचा. पांढरा धूर, नाकात झणझणीत वास. नवसागर तापला की अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल असे दोन तुकडे होतात. आम्ल भांड्यावरचा काळा ऑक्साइड खातं, अमोनिया उडून जातो; हवेत दोघं पुन्हा भेटतात तोच पांढरा धूर. एक कॉपर ऑक्साइड, दोन नवसागर, त्यातून एक कॉपर क्लोराइड, दोन अमोनिया, एक पाणी. खालून कोरं तांबं वर येतं न येतं तोच कथील लावायचं, नाही तर हवा पुन्हा काम करणार. त्या कारागिराचा हात इतका घाईनं का फिरायचा ते मला बीएस्सीला विदर्भ महाविद्यालयात, म्हणजे १९२३ च्या जुन्या किंग एडवर्ड कॉलेजात, गेल्यावर कळलं.

नायट्रिक आम्लाशी मात्र खरी कसोटी. सराफ्यात त्याला शोऱ्याचं तेजाब म्हणतात. खामगावची चांदी सगळ्या महाराष्ट्रात नावाजलेली, आणि अकोल्याच्या सराफ्यातही जुनी चांदी गाळायचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. हे तेजाब हायड्रोजन सोडत नाही. त्यातला नायट्रोजनच धातूकडून इलेक्ट्रॉन घेतो आणि स्वतः खाली उतरतो. किती पायऱ्या उतरेल ते आम्ल किती तीव्र, यावर. तीव्र असेल तर एक तांबं, चार आम्ल, आणि लालसर नायट्रोजन डायऑक्साइडचे दोन रेणू. विरल असेल तर तीन तांबं, आठ आम्ल, आणि नायट्रिक ऑक्साइडचे दोन रेणू. हा नळीत रंगहीन असतो, तोंडाशी हवा लागली की तांबूस होतो.

या आठाची पोरांना फार भीती वाटते. कुठून आले आठ? सरांनी आम्हाला असं सांगितलं. प्रत्येक तांब्याचा अणू दोन इलेक्ट्रॉन देतो. विरल आम्लातला नायट्रोजन तीन घेतो. देवघेवीचा मेळ सहावर, म्हणजे तांबं तीन, काम करणारं नायट्रिक दोन. मग उरलेली सहा काय करतात? तीन तांब्यांपैकी प्रत्येकाला दोन नायट्रेट सोबत लागतात. ते सहा कामाचे नाहीत, सोबतीचे. सर म्हणाले, ‘आठातले दोघं लग्न लावाले, सहा वऱ्हाडी. पण जेवण आठाचं सांगा लागते.’ वऱ्हाडात बसून हे समीकरण यापेक्षा चांगलं कुणी समजावलेलं मी ऐकलं नाही.

आणि इथंच ताळ्याचं पितळ उघडं पडतं. तीव्राचं समीकरण आणि विरलाचं समीकरण यांची बेरीज करा. चार तांबं, बारा आम्ल, दोन्ही वायू दोन-दोन. संतुलित आहे. एकाला दुप्पट घ्या, दुसऱ्याला एकपट. तेही संतुलित. अशी अगणित समीकरणं लिहिता येतील आणि सगळ्यांचा ताळा बसेल. गणित सांगू शकत नाही तुमच्या नळीत कोणतं घडलं. ते रंग सांगतो, वास सांगतो, तापमान सांगतं. फारच विरल नायट्रिकात जस्त टाकलं तर वायूच निघत नाही. नायट्रोजन थेट अमोनियापर्यंत उतरतो आणि पाण्यातच राहतो. चार जस्त, दहा आम्ल, त्यातून चार झिंक नायट्रेट, एक अमोनियम नायट्रेट, तीन पाणी.

सराफ्यातल्या कारागिराला यातली पैशाची बाजू ठाऊक असते. चांदी तीव्र तेजाबात विरघळवली तर एका चांदीच्या अणूला दोन आम्ल खर्ची पडतात. पाणी घालून विरल केलं तर तीन चांदीला चार, म्हणजे एकाला सव्वा-दीडच्या मधलं. तेजाब एक तृतीयांशानं वाचतं, धूरही कमी. मग त्या द्रावणात तांब्याची पट्टी सोडतात. चांदी राखाडी चुऱ्यासारखी पट्टीवर जमते आणि द्रावण निळं पडत जातं. एक तांबं आत जातं, दोन चांदी बाहेर येतात. वजनात काढलं तर किलोभर चांदी पाडायला सुमारे २९५ ग्रॅम तांबं. मी एका कारागिराला हा आकडा सांगितला. तो म्हणाला, आम्ही जरा जाडच पट्टी टाकतो. बरोबर आहे, पातळ पट्टी मधेच संपली तर चांदी पाण्यात राहते.

पाहणाऱ्याचं मोल किती, याला कलकत्त्याचे प्रफुल्लचंद्र राय हा दाखला पुरे. १८९६ साली ते पारा आणि विरल नायट्रिक आम्ल यांच्यावर काम करत होते. वहीप्रमाणे मर्क्युरस नायट्रेट मिळायला हवं होतं. भांड्यात पिवळे स्फटिक दिसले. अशुद्धता म्हणून ओतून देणं सोपं होतं. त्यांनी तपासलं, ते मर्क्युरस नायट्राइट निघालं, आणि त्यातून पुढं नायट्राइटांवरचं त्यांचं आयुष्यभराचं काम उभं राहिलं.

आजच्या वर्गांत काय चालतं ते मी पाहतो. परीक्षेत एका गुणाला एक समीकरण, आकडे भरा आणि पुढं चला. पोरं भराभर भरतात, माझ्यापेक्षा चपळाईनं. आम्लाची बाटली कुलपात असते, आणि अपघाताच्या भीतीनं ती तिथंच राहते. भीती खोटी नाही. पण एक तांब्याची तार, थोडं विरल आम्ल आणि मधली सुटी एवढ्यात कुणाचा जीव जात नाही.

त्या तारेचं सांगायचं राहिलं. सुटी संपल्यावर सर म्हणाले, नळी घरी घेऊन जा, जपून ठेव. दिवाळीची सुट्टी लागणार होती. मी ती नळी गोठ्याच्या कोनाड्यात उभी करून ठेवली आणि विसरलो. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी आठवण झाली. तार होती, पण बारीक वाटली. आम्ल मात्र हिरवं झालं होतं, कोवळ्या हरभऱ्यासारखं. मला धक्काच बसला. एक बुडबुडा न येता तांबं आत गेलं होतं. शाळा उघडल्यावर मी धावत सरांकडे गेलो. त्यांनी नळी खिडकीतल्या उजेडात धरली, हलवून पाहिली, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझ्याकडे न पाहताच विचारलं,

‘बूच लावलं होतं काय रे, बाबू?’